रिफर्बिश्ड लॅपटॉप: घ्यावा की न घ्यावा?

आजची अख्खी दुपार एका रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेल्या, लॅपटॉपपुढे गेली. वरून तो नवाकोरा दिसत होता. मात्र डावीकडचे बिजागर उघडताना कुरकुरत होते आणि ‘ए’ व ‘एस’ या कळांवरची अक्षरे पार पुसट झाली होती, म्हणजे आधीच्या मालकाने त्यावर भरपूर टंकलेखन केले असणार. त्याचे मला काही वाटले नाही. बॅटरीचा अहवाल काढला तेव्हा मात्र विचारात पडलो: मूळ क्षमता ५० वॉट-तास आणि आता पूर्ण चार्ज करूनही ३४, म्हणजे ६८ टक्के. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, नुसती पडून राहिली तरी झिजते, तेव्हा दोष कोणाचाच नाही. पण विक्रेत्याने ‘बॅटरी उत्तम’ असे छातीठोकपणे सांगितले होते, ते खटकले.

खरी अडचण प्रोसेसरची निघाली. तो इंटेलच्या सातव्या पिढीचा, आणि मोजके अपवाद वगळता विंडोज ११ आठव्या पिढीपासूनच्याच प्रोसेसरवर अधिकृतपणे चालते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकता आली असती, परंतु लॅपटॉप आईसाठी हवा आहे, आणि तिला नव्या पडद्याची सवय लावणे माझ्याच्याने होणार नाही.

शेवटी नकार दिला. रिफर्बिश्ड वस्तूंना नव्हे, या एका लॅपटॉपला. पुढच्या आठवड्यात दुसरा पाहणार आहे, मात्र बॅटरी बदलल्याचे आणि वॉरंटीचे आधी लेखी मिळाले तरच.