मृगाला सुरू झालेलं सत्र

कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं पत्र आलं आणि कशावर लिहायचं हे मला तिथल्या तिथे ठरवता आलं. १९९८ सालचं पहिलं सत्र. मी तेव्हा एस.वाय.बी.ए.ला होतो, विषय इतिहास.

फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला काळा फळा. वर सुविचार, खाली 'हार्दिक अभिनंदन'. आमच्या शिपाईमामांचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि त्या सत्रात त्यांच्या खडूला उसंत नव्हती. मुलींचा कबड्डी संघ उपविजेता झाला. मराठीच्या सरांची कथा एका दिवाळी अंकाने घेतली. कित्येक वर्षांनी आपलं कॉलेज पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला उतरलं. आम्ही सेट हातगाडीवर लादून भर पावसात भरत नाट्य मंदिरापर्यंत ढकलत नेला. अंतिम फेरी हुकली, तरी मामांनी सगळ्या मुलांची नावं फळ्यावर लिहिली, पडद्यामागच्यांचीसुद्धा. माझं नाव फळ्यावर आलं ते तेवढं एकदाच.

पण मला सांगायचंय ते इतिहासाच्या बाईंबद्दल.

बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. सकाळची लेक्चरं झाली की लुना काढायच्या आणि थेट पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतल्या कागदपत्रांचा संग्रह, गाठायच्या. पीएच.डी.चा विषय पुण्याच्या पेठांतले हौद. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात पाणी आणलं, ते पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आम्ही रोज बसच्या पाटीवर नाही तर रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकत होतो. तिथे खरोखर पाणी होतं आणि त्याच्या दुरुस्तीचे हिशेब रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हे बाईंनी सांगेपर्यंत आमच्या गावीही नव्हतं.

शनिवारी दुपारी त्या हौसेने मोडी शिकवायच्या. आम्ही सहा-सात जण. आधी पानभर रेघा ओढून घ्यायच्या, मग त्या रेघांना अक्षरं लटकवायची, हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तारखांसाठी शुहूर सन, तोही अरबी शब्दांत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार. झाले ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२. हा सन मृग लागला की बदलतो. "आपलं कॉलेज शुहूर सनावरच चालतं," असं बाई म्हणाल्या तेव्हा मला फार आवडलं होतं. आमच्याकडेही मृगालाच पेरणी आणि मृगालाच शाळा.

प्रबंध टाइप होऊन आला होता, बांधणीला जायचा होता. ऑगस्टमधल्या एका शनिवारी बाईंनी सरावासाठी त्यातल्याच एका कागदाची झेरॉक्स आम्हाला वाचायला दिली. हौदाच्या डागडुजीची नोंद होती. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण जुन्नरकडची, वर्गात सहसा तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "बाई, हे सितैन नाहीये. सबैन आहे."

सितैन म्हणजे साठ. बाईंनी प्रबंधात सितैन धरून १७६२ साल लिहिलं होतं, एक आख्खं प्रकरण त्या सालावर उभं होतं.

त्यांनी पर्समधून भिंग काढलं. कागद खिडकीशी नेला. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. त्या शब्दाच्या मधल्या वळणावरून त्यांनी बोट दोनदा फिरवलं, मग दप्तरातली त्याच कारकुनाच्या हातची दुसरी नोंद वहीतून काढून शेजारी ठेवली. बराच वेळ गेला.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं चुकले होते मी."

नाराजीचा, संकोचाचा मागमूस नाही. पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाई एकोणीस वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून घेऊन विचारत होत्या, तुला कशावरून वाटलं? पुढे नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. चूक दाखवल्यावर असा चेहरा फार थोड्यांचा राहिला. ते प्रकरण बाईंनी पुन्हा लिहून काढलं, प्रबंध महिनाभर लांबला, आणि ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्या नावाखाली त्या मुलीचं संपूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट.

पदवी जाहीर झाली ती पुढच्या वर्षी, पण प्रबंध सादर झाल्याचं कळताच मामांनी फळा लिहायला घेतला. सत्र परीक्षा चालू होती, आम्ही पेपर संपवून बाहेर येत होतो. फळा आधीच भरलेला. बाई स्टाफरूममधून आल्या, मामांच्या कानाशी काही बोलल्या. मामांनी मैत्रिणीला बोलावून विचारलं, "ताई, आडनाव कसं लिहिता?" आणि जागा करायला ओल्या फडक्याने सुविचार पुसून टाकला.