उंचीचं वर्गमूळ

वैशाखातल्या दुपारी खान्देशात शहाणा माणूस उंच जागी चढत नाही. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, कुरडया घालायच्या त्या सकाळी आठच्या आत, नंतर पाय भाजतात. अशाच एका दुपारी, सगळं घर पंख्याखाली आडवं झालेलं असताना, लंडनला गेलेल्या कुणाच्या तरी मुलाचा फोटो घरच्या ग्रुपवर येऊन पडतो. पुढे मुलगा, मागे लाल लोखंडाचा प्रचंड गुंता. खाली आजीचा आवाजी निरोप: "हाई काय शे रे भाऊ? वावधनमा पडेल टावर शे का?"

आजीचं फारसं चुकत नाही. मृगाच्या तोंडावर रावेर-यावलकडे वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं की केळीच्या बागांबरोबर एखादा मोबाईलचा टॉवरही असाच पिळवटून आडवा होतो. लंडनचा मात्र मुद्दाम तसा उभा केलेला. त्याचं नाव आर्सेलरमित्तल ऑर्बिट. २०१२च्या ऑलिम्पिकसाठी स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक पार्कात बांधला, उंची ११४.५ मीटर. कल्पना अनिश कपूर यांची, म्हणजे १९५४ साली मुंबईत जन्मलेल्या शिल्पकाराची, आणि जोडीला सेसिल बालमंड हे अभियंते. सुमारे दोन हजार टन पोलाद, पस्तीस हजारांवर बोल्ट. शिल्प म्हणावं तर आत लिफ्ट आहे आणि इमारत म्हणावं तर खोल्या नाहीत. तो आवडत नाही म्हणणारे लंडनमध्येही पुष्कळ आहेत.

मनोऱ्यावर चढण्याची एक गंमत अशी की चढलं की मनोराच दिसेनासा होतो. पाहण्यासारखी वस्तू सोडून आपण नेमके तिच्या आत जातो. ऑर्बिटवर मात्र लाल नळ्या खिडकीबाहेर आडव्यातिडव्या येत राहतात. फोटोत त्या नको म्हणून लोक सरकत सरकत मोकळी काच शोधतात. उलट करावं. नळी कोपऱ्यात धरली तर फोटो कुठला हे तरी कळतं, नाहीतर धुरकट शहर सगळीकडून सारखंच. आणि काचेतून फोटो काढताना फोनची लेन्स काचेला अगदी टेकवावी. बोटभर अंतर राहिलं की आपलाच शर्ट शहरावर पसरतो. पांढरा शर्ट सगळ्यात वाईट. जायचं तर सकाळी. जुनं लंडन तिथून पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून येऊन त्याच्या तोंडावर पडतं. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि इमारतींच्या नुसत्या काळ्या कडा उरतात.

आता उंचीचा हिशेब. डोळा जमिनीपासून जितके मीटर वर, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३.५७ने गुणायचं. सपाट मुलखात क्षितिज तितके किलोमीटर लांब असतं. ऑर्बिटचा वरचा सज्जा ८० मीटरवर आहे. ८०चं वर्गमूळ नऊला जरा कमी, म्हणजे क्षितिज ३२ किलोमीटरवर. भारी वाटतं. पण दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभ्या माणसाचा डोळा चार मीटरवर धरा. चारचं वर्गमूळ दोन, क्षितिज सात किलोमीटरवर. उंची वीसपट झाली आणि नजर साडेचारपटच लांबली. पहिल्या चार मीटरांत जे फुकट मिळतं, ते पुढच्या शहात्तर मीटरांत तिकीट काढून थोडं थोडं विकत घ्यावं लागतं.

तो माळा मात्र हल्ली दिसत नाही. दादर निसवून दाणा दुधात आला की पाखरं उतरतात. त्याआधी माळा उभा राहायला हवा. बेचक्याच्या चार मेढी, बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या. पहारीनं दोन-दोन हात खड्डे घ्यायचे, मेढी उतरवायच्या, बेचक्यांत दोन दांडे, त्यांवर बल्ल्या आणि वर पऱ्हाटी किंवा तुराट्यांची बिछायत. चढायला दोन आडवे दांडके बांधले की झालं. पोरं वर चढून गोफण फिरवत, ढेकळं शेजारच्याच्या शेतात जात आणि पोपट याच शेतात राहत.

माळा डगमगतो तो दोन कारणांनी. एक, कैची मारलेली नसते. चार उभे आणि चार आडवे दांडे कितीही घट्ट बांधा, बाजूनं रेटा आला की चौकोन कलंडतो. त्यात एक तिरपा दांडा टाकला की दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला कलंडता येत नाही. ऑर्बिटच्या लाल नळ्यांची जाळी बारकाईनं पाहिली तर तीही तिरप्या जोडांवरच तोललेली आहे. दुसरं कारण खास आपल्या मातीचं. काळी जमीन ओल हटली की आकसते, भेगा पडतात, आणि कार्तिकात घट्ट बसवलेली मेढ पौषात खड्ड्यात फिरायला लागते. म्हणून खड्डा काढलेल्या मातीनंच बुजवायचा नसतो. मुरूम आणि दगड ठोकून भरायचे. हे न करता नुसत्या दोऱ्या आवळत बसणारे बरेच.

बरं, क्षितिज ३२ किलोमीटरवर आहे म्हणून ते दिसेलच असं नाही. वैशाखात जळगावच्या गच्चीवरून उत्तरेला बघा. सातपुडा आहे की नाही अशी शंका यावी इतकी धूळ हवेत असते. मृगाचे दोन पाऊस पडले की त्याच गच्चीवरून, त्याच उंचीवरून, निळी रांग समोर उभी. उंची एक इंचानं वाढलेली नसते, हवा धुतलेली असते. लंडनलाही तेच. पाऊस पडून गेल्यावरचा तास धरावा. ढगाळ पण कोरडा दिवस फुकट जातो. तिकिटावर वेळ छापलेली असेल तर नशीब.

उतरायचं कसं, यावर मात्र आमचं मत पक्कं आहे. वर लिफ्टनं, खाली जिन्यानं. ४५५ पायऱ्या आहेत. सप्तशृंग गडाच्या पायऱ्या चढलेल्या खान्देशी माणसाला हा आकडा ऐकून काही होत नाही, पण उतरणं वेगळं. चढताना दम लागतो, उतरताना मांड्या आणि गुडघे बोलतात, कारण प्रत्येक पायरीला सगळं वजन एका वाकलेल्या पायावर अडवायचं असतं. गोल जिन्यात आतल्या बाजूला पायरी निमुळती होते, तिथे टाच बसत नाही. म्हणून बाहेरच्या बाजूनं, कठड्याला हात लावून. एकाच दिशेनं फिरत राहिल्यानं गरगरलं तर पायरीकडे न बघता लांबच्या एखाद्या इमारतीकडे क्षणभर बघावं.

२०१६पासून तिथे घसरगुंडीही आहे, कार्स्टन हॉलर या कलावंताची. मनोऱ्याभोवती गुंडाळलेली १७८ मीटरची नळी, बारा वळणं, चाळीस सेकंद. चटईवर आडवं व्हायचं, पाय पुढे. वय आठ आणि उंची १३० सेंटिमीटर हवी. कमाल वेग ताशी २४ किलोमीटर सांगतात. सरासरी काढली तर सोळाच भरते. चाळीस सेकंदांत लंडन किती दिसतं? काही नाही. पण पैसे त्यासाठी कुणी देतही नसावं.

उंच वस्तू वाऱ्यात हलते, हलायलाच हवी. जी हलत नाही तिला तडे जातात. बांधणारे फक्त ते हलणं आवरून धरतात. तैपेईच्या १०१ मजली इमारतीत त्यासाठी ६६० टनांचा गोळा टांगलेला आहे आणि लोक तो बघायला रांग लावतात. आपल्याकडे एरंडोल तालुक्यात फरकांड्याला विटांचे दोन मनोरे होते, झुलते मनोरे. एक हलवला की दुसरा हलायचा. उंची, जाडी, बांधणी सारखी असली की झुलण्याची लयही सारखी ठरते, आणि एकाचं हलणं खालच्या बांधकामातून दुसऱ्यापर्यंत पोचलं तर तो तेवढ्याच तालात डोलायला लागतो. पिढ्यान्‌पिढ्या सहलीला आलेल्या पोरांनी तेच केलं. वर चढायचं, गदागदा हलवायचं, समोरच्याकडे बघायचं.

त्यातला एक मनोरा आता नाही. विटा आणि चुना पोलादासारखे वाकून परत येत नाहीत. सांधा एकदा सुटला की सुटला. राहिलेला मनोरा बघायला जरूर जावं. खालून बघावं, हात लावू नये, आणि पोरं सोबत असतील तर त्यांचेही हात धरून ठेवावेत.