कटाकानाचे ठिपके: जुन्या यंत्रांतले फॉन्ट जमवताना

या वेळची नोंद लांबणार आहे, कारण प्रिंटरच्या बाजूनं काम बरंच पुढं सरकलंय. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या जपानी संगणकांत, प्रिंटरांत आणि छोट्या डिस्प्लेंत जी काना, म्हणजे जपानी उच्चारलिपीची, अक्षरं ठिपक्यांनी रचलेली होती, ती यंत्रागणिक, मूळ ठिपक्यांसकट जमवायची, असा हा उद्योग. 'जुन्या धाटणीचा' जपानी फॉन्ट म्हणून शोध घेतला तर मिसाकीसारखे ८ बाय ८ चे देखणे फॉन्ट फुकट मिळतात. मी ते वापरतो आणि मला ते मनापासून आवडतात. पण ते नंतरच्या काळात, मोकळ्या हातानं काढलेले आहेत. मला हवंय ते १९७९ च्या एनईसी पीसी-८००१ वर दिसणारं 'का', आणि त्याच यंत्राच्या प्रिंटरवर उमटणारं 'का'. ही दोन अक्षरं सारखी नसतात, आणि ती सारखी का नाहीत यातच सगळी मजा आहे.

आधी संकेतांचं, म्हणजे यंत्र प्रत्येक अक्षराला जो आकडा देतं त्याचं, बोलू, कारण ते पक्के असले की निम्मी कटकट संपते. १९६९ साली जेआयएस सी ६२२० हे जपानी औद्योगिक मानक आलं, १९८७ पासून तेच जेआयएस एक्स ०२०१ म्हणून ओळखलं जातं. खालची बाजू (१२७ पर्यंत) जवळपास आस्की, म्हणजे इंग्रजीचा नेहमीचा संकेतसंचच, फक्त ९२ वर उलट्या तिरक्या रेघेऐवजी येनचं चिन्ह आणि १२६ वर डोक्यावरची आडवी रेघ. वरच्या बाजूला १६१ ते २२३ या ६३ जागांत कटाकाना, म्हणजे कानाचा कोनदार प्रकार. गोलसर हिरागाना नाही, चिनी मुळाची कांजी तर नाहीच. १६१ ते १६५ विरामचिन्हं, १६६ वर 'वो', मग नऊ लहान अक्षरं, १७६ वर दीर्घ उच्चाराची रेघ, आणि १७७ पासून मुख्य अक्षरं.

मराठी माणसाला हा तक्ता पाठ करावाच लागत नाही. १७७ ते १८१ अ इ उ ए ओ, १८२ पासून क ची ओळ, १८७ पासून स, १९२ पासून त, १९७ पासून न, २०२ पासून ह, २०७ पासून म, मग य, यु, यो, २१५ पासून र, २२० वर व आणि शेवटी २२१ वर सुटा न. ही आपलीच वर्णमाला आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम लिपी जपानमध्ये गेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम तिथं रुजला. आपल्या 'प' वर्गाच्या जागी 'ह' बसलेला दिसतो, कारण तो उच्चार पूर्वी 'प' च होता. आजही 'हा' वर छोटं वर्तुळ दिलं की 'पा' होतो. मी नवीन रॉम (यंत्राची अक्षरं साठवलेली कायमची चिप) उघडली की आधी १८२ च्या ठिकाणी 'का' आहे का ते बघतो. तो असला की बाकीची ओळ आपोआप वाचता येते.

ते छोटं वर्तुळ, म्हणजे हान्दाकुतेन, आणि दोन तिरक्या टिंबांचं दाकुतेन यांना या मानकात स्वतःचे संकेत आहेत: २२२ दाकुतेन, २२३ हान्दाकुतेन. 'गा' लिहायचा तर आधी 'का', मग पुढच्या घरात टिंबं. म्हणजे एका अक्षराला दोन घरं. तारेच्या जपानी कोडमध्येही दाकुतेनला वेगळा संकेत होता आणि काना टंकलेखन यंत्रावर वेगळी कळ, त्यामुळे हे वाचकांच्या सवयीचं होतं. आपल्याकडे इस्कीमध्ये (१९९१ चं भारतीय मानक १३१९४) देवनागरीही १६१ पासूनच सुरू होते आणि नुक्त्याला २३३ हा वेगळा संकेत आहे. दोन्हीकडे १६१ येतो, कारण वरच्या बाजूला ९४ चिन्हांचा संच कुठं बसवायचा याचा आंतरराष्ट्रीय नियम एकच. फरक पुढं पडतो. कानाला एक संकेत, एक घर, एवढ्यावर भागलं, म्हणून १९७० च्या दशकातच स्वस्त यंत्रांत ती बसली. देवनागरीला वेलांट्या आणि जोडाक्षरं जुळवणारं डोकं लागतं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात घालावं लागत होतं ते त्यासाठीच.

आता एलसीडी. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक प्रयोगशाळेत जो १६ बाय २ चा डिस्प्ले असतो, त्याच्या मागं हिताचीच्या एचडी४४७८० ची किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या चिपची रॉम असते. हिताचीच्या ए०० या प्रकारच्या रॉममध्ये १६१ ते २२३ हा कटाकाना जसाच्या तसा आहे. तापमान दाखवण्याच्या प्रोजेक्टमध्ये अंशाचं चिन्ह म्हणून आपण सगळे २२३ पाठवतो, ते खरं तर हान्दाकुतेन. ही चिप स्वतःची अक्षरांची रॉम बाहेर वाचू देत नाही, फक्त वापरणाऱ्यानं भरलेली आठ अक्षरं परत मिळतात. म्हणून १६१ पासून ओळीनं अक्षरं पाठवायची, वर-खाली मिळून ३२ मावतात, दोन पडद्यांत ६३ संपतात, आणि मॅक्रो लेन्सनं फोटो घ्यायचा. कॉन्ट्रास्टचा पोटेन्शिओमीटर थोडा कमी ठेवला की ठिपक्यांमधल्या फटी स्वच्छ दिसतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळणाऱ्या मॉड्यूलवर बहुतेक वेळा काळ्या थेंबाखाली दुसऱ्याच कंपनीची चिप असते, आणि काहींत कानाऐवजी युरोपीय अक्षरं असतात. मला कानाचे जे प्रकार मिळाले ते सगळे वेगवेगळे नोंदवले आहेत, एकात मिसळलेले नाहीत.

५ बाय ७ ठिपक्यांत कानाची खरी परीक्षा 'सो' आणि 'न' या जोडीत होते. हातानं लिहिताना 'सो' ची मोठी रेघ वरून खाली येते आणि 'न' ची खालून वर जाते. ठिपक्यांना दिशा नसते, त्यामुळे सगळा भार डावीकडच्या छोट्या रेघेवर येतो. माझ्या वहीत काढलेली ही दोन अक्षरं बघा, आधी 'सो', मग 'न':

■□□□■
■□□□■
□■□□■
□□□□■
□□□■□
□□■□□
□■□□□

■■□□□
□□□□□
□□□□■
□□□□■
□□□■□
□□■□□
■■□□□

'सो' ची छोटी रेघ उभी, 'न' ची आडवी. उजवीकडची मोठी रेघ 'सो' मध्ये पहिल्या ओळीपासून निघते, 'न' मध्ये दोन ओळी सोडून. एवढ्या दोन खुणांवर वाचणारा शब्द ओळखतो. 'शि' आणि 'त्सु' मध्येही हाच पेच, पण तिथं छोट्या रेघा दोन-दोन आणि जागा तेवढीच. कुठल्याही यंत्राच्या फॉन्टकाराची नजर किती तयार होती ते मी या चार अक्षरांवरून ठरवतो, आणि मला वाटतं हीच योग्य कसोटी आहे.

पडद्यांच्या बाबतीत सगळ्यात सरळ काम एमएसएक्सचं. घरगुती संगणकांच्या १९८३ च्या या मानकात फॉन्ट मुख्य रॉममध्येच असतो आणि तो कुठं आहे हे रॉमच्या ४ आणि ५ या पत्त्यांवर लिहिलेलं असतं. बेसिकमध्ये पीक(४)+२५६*पीक(५) विचारलं की नेहमीचं उत्तर ७१०३. तिथून २०४८ बाइट, म्हणजे २५६ अक्षरं, प्रत्येकाच्या आठ ओळी. 'आ' हवा तर १७७ ला ८ नं गुणा, ७१०३ मिळवा, ८५१९ पासून आठ आकडे वाचा. जपानी एमएसएक्समध्ये हिरागानाही आहे, कटाकानाच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागांत दोन तुकड्यांत बसवलेली. एक लक्षात ठेवा: स्क्रीन ० या पडद्याच्या मोडमध्ये प्रत्येक अक्षराच्या डावीकडच्या सहाच उभ्या ओळी दिसतात. म्हणून मी स्क्रीन १ चं आणि स्क्रीन ० चं चित्र अशी दोन्ही ठेवतो.

शार्प एमझेड-८०के (१९७८) मात्र वेगळ्या वळणाचं. फॉन्टची चिप फक्त व्हिडिओ सर्किटला जोडलेली, प्रोसेसरला ती दिसतच नाही, त्यामुळे बेसिकमधून काही हाती लागत नाही. चिप काढून रीडरवर वाचावी लागते. वर पडद्याचे संकेतही शार्पचे स्वतःचे, इंग्रजी 'ए' तिथं १ वर आहे. तिथला तक्ता आकार बघूनच लावावा लागतो. कमोडोरनं १९८१ च्या सुमारास जपानसाठी काढलेल्या व्हिक-१००१ मध्येही कटाकाना आहे आणि तिथंही पडद्याचे संकेत जेआयएसचे नाहीत.

पडद्यांचे फॉन्ट कुणी ना कुणी जपून ठेवलेत. प्रिंटरांचे फार कमी जणांनी. संगणक सांभाळणारे पुष्कळ, पण त्याच्या शेजारचा प्रिंटर भंगारात गेला, रिबन सुकली, आणि त्याबरोबर त्याच्या रॉममधली अक्षरंही गेली. म्हणून सध्या माझा बहुतेक वेळ इकडे जातो.

एप्सनचा एमएक्स-८० जगभर गेला, जपानमध्ये त्याचाच भाऊ एमपी-८० म्हणून विकला गेला. नऊ सुयांचं हेड, दोन सुयांमधलं अंतर एक इंचाचा ७२ वा भाग. उभ्या दिशेला ठिपके मोजकेच, पण आडव्या दिशेला हेड अर्ध्या-अर्ध्या पावलानं थांबू शकतं: नेहमीच्या १० अक्षरं प्रति इंच छपाईत प्रत्येक घराची १२ अर्धी पावलं, म्हणजे एक अर्धं पाऊल इंचाचा १२० वा भाग. अट एकच, कुठल्याही सुईनं लागोपाठच्या दोन अर्ध्या पावलांवर मारायचं नाही, कारण सुईला मागं यायला तेवढा वेळ लागतो. या एका यांत्रिक अटीनं प्रिंटरच्या कानाचं रूप घडवलंय. 'नो' हे अक्षर म्हणजे एकच तिरकी रेघ. पडद्यावर ती पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. प्रिंटरवर प्रत्येक सुई आधीच्या सुईपेक्षा अर्धं पाऊल सरकून मारते, आणि रेघ खरोखर कललेली दिसते, वरच्या टोकाला किंचित वळलेलीसुद्धा. भिंगाखाली ती रेघ बघणं हा या छंदातला माझा सगळ्यात मोठा आनंद आहे.

कागदावरून ठिपके परत काढायची रीत आता बसली आहे. ६०० डीपीआयला, करड्या रंगात स्कॅन. उभं अंतर आठ पिक्सेलपेक्षा थोडं जास्त येतं, आडवं अर्धं पाऊल बरोबर पाच. या मापाची जाळी चित्रावर ठेवायची, प्रत्येक छेदाभोवतीचा काळेपणा मोजायचा आणि ठिपका आहे की नाही ते ठरवायचं. शाई पसरलेली असली तरी सुईची तीच अट मदतीला येते: एकाच सुईचे शेजारच्या दोन अर्ध्या पावलांवर ठिपके दिसत असतील तर त्यातला एक नक्की शाईचा डाग. स्कॅन केलेल्या छापील मॅन्युअलमधल्या तक्त्यांवरूनही हे करता येतं, पण तिथं माप कमी-जास्त केलेलं असतं, म्हणून मी अशा अक्षरांना वेगळी खूण लावतो.

पडताळा घेण्यासाठी आपल्याकडचा कुठलाही नऊ सुयांचा, एप्सनच्या आज्ञा समजणारा प्रिंटर चालतो, दुकानात बिलं छापणारा सुद्धा. मी काढलेले ठिपके चित्र म्हणून परत छापतो. १२० च्या घनतेचा, लागोपाठ ठिपके न घेणारा मोड निवडायचा: प्रिंटरला २७, ८९ हे बाइट पाठवायचे, मग लांबी. ६३ अक्षरांना १२ अर्ध्या पावलांप्रमाणे ७५६ अर्धी पावलं लागतात, म्हणून लांबीचे दोन बाइट २४४ आणि २ (२४४ + २ × २५६). पूर्ण कटाकाना एका ओळीत, साडेसहा इंचांच्या आत. मूळ स्कॅन आणि हा कागद एकमेकांवर धरून खिडकीच्या उजेडात बघितले की चुकलेला ठिपका लगेच डोळ्यात भरतो.

एनईसीच्या पीसी-८०२३ साठी एक सूचना. तो सी. इतो कंपनीच्या ८५१० प्रिंटरचाच सख्खा भाऊ, आणि चित्राच्या बाइटमध्ये त्याची वरची सुई म्हणजे १. एप्सनमध्ये वरची सुई म्हणजे १२८. दोन्ही कुटुंबांचे ठिपके एकाच फाइलीत ठेवणार असाल तर कुठली सुई कुठं ते प्रत्येक नोंदीत लिहाच. मी सगळं आधी साध्या मजकुरात, काळ्या-पांढऱ्या चौकोनांनी ठेवतो आणि त्यावरून बीडीएफ (ठिपक्यांच्या फॉन्टची फाइल) तयार करतो. संकेत जेआयएसचेच ठेवतो. यूनिकोडमधला अर्ध्या रुंदीचा कटाकाना त्याच क्रमानं ६५३७७ पासून ६५४३९ पर्यंत आहे, त्यामुळे ६५२१६ मिळवले की काम झालं.

आता मागणं. कुणाकडे जपानमध्ये विकलेला कुठलाही डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल, किंवा जपानी शिकायला वा नोकरीला तिकडे असलेल्या ओळखीच्यांकडे असेल, तर त्याची स्वचाचणी छापून हवी आहे. एप्सनमध्ये लाइन फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की ती सुरू होते. ६०० डीपीआय, करडा रंग, टिफ किंवा पीएनजी. फिरवून सरळ करू नका, उजळ करू नका, ते मी करेन. डीआयपी स्विचचा (प्रिंटरमधल्या सेटिंगच्या छोट्या बटणांचा) फोटोही सोबत पाठवा, कारण अक्षरसंच त्यावरूनही बदलतो.

इथं पुढचा नंबर एप्सन एचसी-२० चा, १९८२ चा, जगाला एचएक्स-२० म्हणून माहीत असलेला. १२० बाय ३२ ठिपक्यांचा पडदा, त्यात २० अक्षरांच्या चार ओळी, आणि शेजारी कागदाच्या रोलवर एका ओळीत २४ अक्षरं छापणारा छोटा प्रिंटर. दोन्हीकडे अक्षराला सहा उभ्या ओळी मिळतात. पडद्याचा फोटो आणि रोलवरचा छाप शेजारी ठेवून 'शि', 'त्सु', 'सो', 'न' एकेक करून ताडायचे आहेत.