पाण्याला लागून जागा का घेत नाही

कॅम्पिंगच्या जागेबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि या वेळी फोनवर पाच मिनिटांत न उरकता लिहूनच काढते. प्रश्न दर वर्षी तोच असतो: "ताई, तळ्याला लागून साइट मोकळी होती, तरी तुम्ही मागच्या लूपमधली का घेतलीत?" साइट म्हणजे तंबू लावायची आखून दिलेली जागा, आणि लूप म्हणजे अशा साइट्समधून फिरून येणारा रस्ता. विचारणाऱ्याला वाटतं, मला बुकिंगला उशीर झाला असणार. उशीर झालेला नसतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या स्टेट पार्कांचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं. ३ जुलैला पोचायचं तर ५ मार्चला सकाळी स्क्रीनसमोर बसावं लागतं, आणि मी बसलेली असते. शेजारच्या साउथ डकोटात बहुतेक पार्कांना ९० दिवस, म्हणजे ४ एप्रिल. काठावरच्या जागा मलाही दिसतात. मी त्या सोडून देते.

अडचण अशी की काठावरची जागा घ्या, हे मीच एकेकाळी सांगत होते. मिनियापोलिसला नव्याने आलेल्या घरांसाठी मी एक यादी केली होती. तिच्यात पहिलंच वाक्य होतं, "पाण्याच्या जितकं जवळ, तितकं चांगलं." ती यादी अजून या घरातून त्या घरात जाते, आणि लोक माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवतात. मी तेव्हा खोटं लिहिलं नव्हतं. पण तळं सोडून दुसरं काहीच बघितलं नव्हतं.

गवताळ प्रदेशातल्या तळ्यांचा स्वभाव वेगळा असतो. उत्तरेच्या पाइनच्या जंगलातलं तळं झाडांच्या भिंतीत बसलेलं असतं. पश्चिम मिनेसोटा आणि साउथ डकोटाच्या ईशान्य कोपऱ्यातलं तळं मात्र चारी बाजूंनी उघडं. हिमनदी मागे सरताना गाळात पुरलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वितळले, खळगे पडले आणि त्यांत पाणी साठलं. ग्लेशियल लेक्स स्टेट पार्क किंवा सिबली स्टेट पार्कमध्ये चढ-उतारावरून चाललात की हे पायांना कळतं. म्हणजे काठावरची जागा ही बहुतेकदा सगळ्यात खालची जागा. वरच्या रस्त्याचं, वरच्या साइट्सचं पाणी तुमच्याकडेच येणार. मातीत चिकण जास्त असेल तर ते मुरणारही नाही.

आणि वारा. उन्हाळ्यातली मोठी वादळं इथे बहुधा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून किंवा वायव्येकडून येतात. नकाशा उघडलात की आधी उत्तर दिशा शोधा, मग साइट तळ्याच्या कोणत्या काठावर आहे ते बघा. पूर्व किंवा आग्नेय काठावरची जागा सूर्यास्तासाठी उत्तम, कारण समोर पश्चिमेला नुसतं पाणी. त्याच कारणाने वादळासाठी ती सगळ्यात वाईट. तीन किलोमीटर सपाट पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडवायला काहीच नसतं.

आता त्या रात्रीचं. जून महिना, चार घरं, आग्नेय काठावरच्या शेजारशेजारच्या चार साइट्स. जागा माझ्या यादीप्रमाणे निवडलेल्या. पार्कचं नाव सांगत नाही, पार्कची चूक नव्हती. संध्याकाळी हवा थांबलेली, उकाडा, पश्चिमेला ऐरणीसारखा पसरलेला ढग. हवामान खात्याचा वॉच लागलेला होता. वॉच म्हणजे वादळाला परिस्थिती अनुकूल आहे. वॉर्निंग म्हणजे वादळ दिसलं आहे, तुमच्याकडे येतं आहे. हा फरक आम्हा सगळ्यांना माहीत होता, आणि वॉच असताना आम्ही भाकऱ्या भाजत बसलो होतो.

रात्री एक चाळीसला वारा आला. काय कोणत्या क्रमाने तुटलं ते सांगते, कारण शिकण्यासारखं त्या क्रमातच आहे.

पहिली गेली ती दहा बाय दहा फुटांची छत्री, चार पायांची, उघडमीट होणारी. ती आम्ही पिकनिक टेबलाच्या पायांना बांधली होती आणि त्यावर निश्चिंत होतो. तिच्या कापडाखाली वारा शिरला, दोन पाय वाकले आणि एक पाय शेजारच्या तंबूच्या वरच्या कापडात घुसला. झोपताना छत्री मिटून आडवी ठेवायची असते. त्याला दोन मिनिटं लागतात.

दुसरा तंबू. आठ माणसांचा, उभ्या भिंतींचा, आत ताठ उभं राहता येईल असा. त्याची चार मीटर रुंद, दोन मीटर उंच भिंत बरोबर तळ्याकडे, कारण दारातून पाणी दिसायला हवं होतं. आठ चौरस मीटर कापडावर ताशी ५० किलोमीटरचा वारा साधारण ९०-१०० किलोचा रेटा देतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हा सगळा भार अठरा सेंटीमीटरच्या तारेसारख्या खुंट्यांवर, त्याही काठाजवळच्या रेताड मातीत. वाऱ्याकडच्या खुंट्या एकामागून एक निघाल्या. ताण द्यायच्या दोऱ्या कारखान्यातून आल्या तशा गुंडाळलेल्या, तंबूलाच लटकत होत्या. त्या बांधल्या असत्या तर भार विभागला गेला असता. तसं झालं नाही, म्हणून फायबरचा दांडा सांध्याशी चिरला आणि ओली भिंत आत झोपलेल्यांवर बसली.

तिसरं पाणी. वरच्या रस्त्यावरून ओघळ आला तो तंबूच्या तळकापडाखाली न जाता तळकापड आणि तंबू यांच्या मध्ये साठला, कारण तळकापड चारी बाजूंनी तंबूबाहेर वीतभर पसरलेलं होतं. तळकापड तंबूपेक्षा थोडं लहानच हवं. बाहेर राहिलं तर दुमडून आत घ्यावं.

पण हे सगळं सामानाचं. त्या चार घरांपैकी एका घरी साताऱ्याहून आलेल्या आजी होत्या. गुडघे दुखायचे. शॉवरची पक्की इमारत, म्हणजे आसपासचा एकमेव भिंतींचा आसरा, मागच्या लूपला, चढावर. तिथे जायला लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या, ओल्या, अंधारात. साइट निवडताना मी पाण्यापर्यंतची पावलं मोजली होती. त्या पायऱ्या मोजल्या नव्हत्या. आजींना त्या चढता आल्या नाहीत. दोघांनी धरून त्यांना गाडीत बसवलं. गाडी सावलीसाठी कॉटनवुडखाली उभी केलेली होती, आणि वाऱ्यात सहज मोडून पडणाऱ्या फांद्या असलेलं झाड म्हणजे कॉटनवुड. ती चूक लक्षात आल्यावर भर पावसात गाडी बोट उतरवायच्या उघड्या तळावर नेली. विजेपासून बंद गाडी सुरक्षित असते, तंबू अजिबात नसतो. मात्र टॉर्नेडोची वॉर्निंग असती तर गाडीचाही उपयोग नव्हता. पायऱ्या चढाव्याच लागल्या असत्या, आणि आजींना चढता येत नव्हत्या. या एका वाक्यापाशी मी अजून अडते.

ओल्या लुगड्यात त्या पहाटे पाचपर्यंत बसल्या. तक्रार केली नाही. नंतर पुन्हा कधी कॅम्पिंगला आल्या नाहीत.

सकाळी मी मागच्या लूपमध्ये चालत गेले. अंतर दीडशे मीटर, मध्ये टेकाडाची एक कड आणि तिच्यावर बर ओकची झाडं. तिथल्या घडीच्या खुर्च्या रात्री ठेवल्या तशा उभ्या होत्या.

"वादळ आलं तर कुठेही त्रास होणारच," असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला त्या खुर्च्या आठवतात.

अर्थात याला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवणं बरोबर होणार नाही. आडोसा म्हणजे झाडं, आणि झाडं पडतात. ४ जुलै १९९९ ला याच राज्याच्या उत्तर टोकाला, बाउंड्री वॉटर्सच्या जंगलात, सरळ रेषेतल्या वाऱ्याने लाखो एकरांवरची झाडं पाडली. जवळपास ६० माणसं जखमी झाली. तिथे उघड्यावरची जागा कदाचित बरी ठरली असती. म्हणून "मागे झाडं असावीत" एवढं पुरत नाही, कोणती झाडं ते बघावं लागतं. बर ओक जाड सालीचा, खोलवर रुजणारा, गवताळ प्रदेशातल्या वणव्यांतून टिकलेला. तो पश्चिमेला, जरा अंतरावर असला तर मला चालतो. ॲश मात्र नको. एमराल्ड ॲश बोरर हा किडा मिनेसोटात २००९ मध्ये सापडला, साउथ डकोटात २०१८ मध्ये, आणि कॅम्पग्राउंडमध्ये ॲश भरपूर लावलेली आहेत. शेंड्याकडून पानं विरळ झालेली, बुंध्यातून फुटवे आलेले, सुतार पक्ष्यांनी साल सोलून फिकट पट्टे पाडलेले दिसले की त्या झाडाखाली तंबू लावायचा नाही, सावली कितीही छान असो. घरची लाकडं पार्कात नेऊ नका असं का सांगतात, तेही याच किड्यामुळे.

मग डास. इथे माझं म्हणणं लंगडं पडतं, हे मला माहीत आहे. ताशी पंधरा किलोमीटरच्या पुढे वारा असला की डास फारसे उडत नाहीत. जूनमध्ये पाऊस होऊन गेल्यावर संध्याकाळी मागच्या लूपमध्ये बसवत नाही, आणि काठावरच्या टोकाला लोक निवांत जेवत असतात. दहा रात्रींत वादळाची रात्र एखादी येते, डासांच्या संध्याकाळी पाच-सहा. हिशोब मांडला तर काठाची बाजू जिंकते. मी हिशोब मांडते आणि तरीही मागची जागा घेते. जेवायला पाण्याकाठच्या सार्वजनिक टेबलावर जाते आणि झोपायला वर येते. हे सगळ्यांना पटत नाही. पटायलाच हवं असंही नाही.

पाणी जवळ असण्याचा उपयोग किती, हे तळ्याच्या खोलीवर ठरतं. मिनेसोटातल्या अलेक्झांड्रिया गावाजवळचं लेक कार्लोस १६३ फूट खोल आहे. भर ऑगस्टमध्येही तिथलं पाणी बरं राहतं. पण दोन-तीन मीटर खोलीच्या तळ्यात वारा तळापर्यंत ढवळतो. शेतांतून आलेला, तळच्या गाळात साठलेला फॉस्फरस वर येतो, आणि जुलैअखेर पाण्यावर वाटाण्याच्या सुपासारखी हिरवी साय धरते. वारा ती साय ज्या काठाला ढकलतो तो काठ तुमचा असेल तर वासही तुमचाच. शंका असेल तर काचेच्या बरणीत पाणी भरून काही तास न हलवता ठेवा. हिरवं वर तरंगलं तर बहुधा निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे मुलांना आणि कुत्र्याला पाण्यात सोडायचं नाही. काठीने ढवळल्यावर लांब तंतू अडकून आले तर ते साधं शेवाळ. बुकिंगच्या आधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या लेकफाइंडर या वेबपानावर तळ्याची खोली आणि पाण्याचा पारदर्शकपणा बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

एकाच पार्कात दोन्ही बाजू बघायच्या असतील तर लॅक की पार्लला जा. खालचं कॅम्पग्राउंड नदीजवळ, झाडीत, गार, आणि पुरात पाण्याखाली जाणारं. वरचं उघड्या गवताळ माळावर, कोरडं, दुपारी सावलीची वानवा. कुठलं चांगलं असं मला विचारू नका. मे महिन्यात वरचं, ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यात खालचं, आणि लहान बाळ असेल तर त्या वर्षी पाऊस किती झाला ते बघून.

साइटवरच्या वीजजोडणीबद्दलही विचारता. तंबू असेल तर केवळ मोबाइल चार्ज करायला इलेक्ट्रिक साइट घेऊ नका. तिथे मोठ्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या असतात, त्यांचे एसी रात्रभर घुमतात. इंडक्शनवर स्वयंपाक करायचा असेल तर मात्र घ्या, पण साइटवरच्या विजेच्या खांबावर २० अँपिअरचं साधं सॉकेट आहे ना, ते आधी विचारा. १८०० वॅटची शेगडी १५ अँपिअर ओढते, म्हणजे तिच्याबरोबर त्याच सॉकेटवर राइस कुकर लावलात की ब्रेकर पडणार. भारतातून आणलेली शेगडी २३० व्होल्टची, इथल्या १२० व्होल्टवर ती चालणारच नाही.

काठावरची जागा मी कधीच घेत नाही असं नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दोघांचा बुटका तंबू, त्याची अरुंद बाजू पश्चिमेकडे, फूटभर लांबीच्या पोलादी खुंट्या, हातोडी, सगळ्या दोऱ्या ताणलेल्या, हवामानाचा रेडिओ उशाशी: अशी घेते. बरोबर कोणी म्हातारं माणूस किंवा रांगतं मूल असेल तर नाही. मुलाच्या बाबतीत कारण वारा नव्हे. तंबूच्या दारापासून बारा पावलांवर पाणी, आणि तिथे जीवरक्षक बहुधा नसतो.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये विचाराल तर साइटचा फोटो पाठवू नका. कॅम्पग्राउंडचा नकाशा, साइटचा नंबर, तंबूची उंची, आणि घरातून कोण कोण येणार ते पाठवा. कोणाचे गुडघे दुखत असतील तर तेही लिहा. पायऱ्या किती आहेत ते मी पार्क ऑफिसला फोन करून विचारते.