टोपात उकळलेला ब्रेक

‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ अशी हिरो होंडाच्या सीडी १०० या मोटरसायकलची जाहिरात असायची. आमच्या घरी यातलं शेवटचं जरा जास्तच मनावर घेतलं गेलं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा बाबांची सीडी १०० दुकानामागच्या बोळात उभी होती. २००५ च्या पुरात बाबांनी तिला वेळेत चढावरच्या आतेच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं. या वेळी पाणी रात्रीत चढलं. वह्यांचे गठ्ठे माळ्यावर टाकता टाकता गाडी कुणाच्या डोक्यातच आली नाही. नंतर दुकानातला कागदाचा लगदा फावड्याने उपसण्यात महिना गेला. गाडी ढकलत घरी आणली आणि मागच्या खोपीत लावली. तेव्हा चाकं फिरत होती, हे मला नक्की आठवतंय. त्याच आठवड्यात ड्रम, म्हणजे चाकाच्या मधला ब्रेकचा डबा, उघडून गाळ धुतला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. आम्ही तीन वर्षांनी उघडला.

इंजिनाचं दुखणं वेगळं, ते फिटरकडे गेलं. ब्रेक मी घरी करीन म्हटलं. फिटर हसला. म्हणाला, “पुढची प्लेटच नवी टाका, कशाला डोकं लावताय?” पण बाबांना १९९२ साली घेतलेल्या गाडीची जुनीच प्लेट, म्हणजे ब्रेकचे भाग ज्यावर बसतात ते ड्रमचं झाकण, हवी होती.

पहिली अडचण म्हणजे चाक. लायनर, म्हणजे ब्रेक लावला की ड्रमला आतून घासणारे तुकडे, गंजून ड्रमच्या लोखंडी कड्याला चिकटलेले. केबल सोडवली, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक उचललं, ब्रेकचा आर्म, म्हणजे केबलने ओढली जाणारी पट्टी, हलक्या हाताने मागे ठोकला, आणि चाकाच्या मध्यावर सगळीकडून लाकडी हातोडी मारत चाक मागेपुढे झुलवत राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी ‘टक्’ आवाज आला आणि चाक एक इंच फिरलं. ॲक्सल काढताना नट पूर्ण काढला नाही, टोकाबरोबर ठेवला आणि वर लाकूड धरून ठोकलं. नट काढून थेट घातला असता घाव, तर आटे गेले असते. ही अक्कल मला आधीपासून होती. पुढे जी लागणार होती ती नव्हती.

प्लेट बाहेर आली. आत सुकलेला वाशिष्ठी नदीचा गाळ, चॉकलेटच्या वडीसारखा तडकलेला. तो फुंकून उडवायचा मोह होतो, पण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं टाकून द्यायचं. स्प्रिंगा आणि लायनर निघाले. कॅम मात्र प्लेटमध्ये असा बसला होता, जणू दोन्ही एकत्रच ओतलेत.

हा कॅम म्हणजे अंगठ्याहून बारीक पोलादी दांडा. आतल्या टोकाला चपटा, लिव्हर दाबला की फिरतो आणि दोन्ही लायनर ड्रमवर दाबतो. बाहेरच्या टोकाला दाते, त्यांवर आर्म. आर्मचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. दांडा पोलादाचा, प्लेट ॲल्युमिनियमची. दोन धातू एकमेकांना लागून ओलाव्यात राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. म्हणून दांडा आवळला जातो. गंज निदान लाल दिसतो तरी. ही पांढरी भानगड लक्षातही येत नाही.

मी डिझेल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारला. मग ठोकलं. बाहेरून आत जायला हवा होता कॅम, म्हणून दात्यांच्या टोकावर ठोकलं. जोरात ठोकलं. बाबा खुर्चीवरून म्हणाले, “अरे, हळू रे. ती काय तुझी वैरीण आहे का?” मी ऐकलं नाही. पाचव्या-सहाव्या घावाला बघतो तर दांड्याचं टोक आळंब्यासारखं पसरलेलं. म्हणजे आता जाम सुटला तरी तो भोकातून जाणार नाही! वर त्या टोकावरची टिंबाची खूणही गेली. आर्मवर तसंच टिंब असतं, दोन्ही जुळवूनच आर्म बसवायचा असतो. नशीब, सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. अर्धा तास कानस मारून टोक पुन्हा गोल केलं, हाताला फोड आला, आणि बाबा काही बोलले नाहीत. ते बोलण्यापेक्षा वाईट.

उपाय शेवटी शाळेच्या पुस्तकातला निघाला. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हिशेब केला: बारा मिलिमीटरचा दांडा, पाणी उकळेपर्यंत सत्तर-पंचाहत्तर अंश वाढ, तर भोक दांड्यापेक्षा साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग जास्त मोठं होणार. एवढ्याने काय होतंय असं वाटतं. पण अडकलेल्या भुकटीला तेवढंही पुष्कळ असतं. गॅसची ज्योत थेट प्लेटवर धरायचा मी विचार केला होता. जुनं ॲल्युमिनियम एका जागी तापून वाकडं होईल या भीतीने तो सोडला.

म्हणून परसातली चूल पेटवली आणि माळ्यावरचा मोठा टोप उतरवला. प्लेट घासून धुतली, तरी पाण्यावर ग्रीसचा तवंग आलाच. आई दारात येऊन उभी राहिली.

“तो गणपतीतला टोप आहे.”

“घासून देतो.”

“तू? घासून?”

उकळत्या पाण्यात वीस मिनिटं. चिमट्याने काढून लाकडावर ठेवली, दांड्याच्या टोकावर बर्फाचा खडा धरला आणि लाकडी ठोकळा ठेवून एक साधा घाव. काही नाही. परत टोपात. तिसऱ्या खेपेला पान्ह्याने दांडा नुसता पिळून बघितला तर किंचित हलला, केसाएवढा. डिझेलचा थेंब सोडून मागेपुढे, मागेपुढे करत राहिलो. कुरकुर आवाज येत होता, बाबा खुर्ची जवळ ओढून बसले. मग तो गुपचूप आत सरकला आणि लाकडावर पडला. भोकातून पांढरी पूड सांडली, तांदळाच्या पिठासारखी.

बाकीचं पटापट झालं. भोक पॉलिश पेपरने साफ केलं, दांडाही. ग्रीस अगदी पातळ लावलं, कारण जास्त झालं तर तापून लायनरवर उतरतं आणि ब्रेक लागतच नाही. दुकानदाराने स्प्लेंडरचे लायनर दिले, ते बसले. ड्रममधला गंज घासून काढला, फोटो बघून आर्म लावला.

बाबा गाडीवर बसले. हल्ली गुडघ्यांमुळे त्यांना किक मारवत नाही. मी पुढचं चाक उचलून फिरवलं, त्यांनी लिव्हर दाबला आणि चाक थांबलं. दोनदा, तीनदा करून बघितलं. मग त्यांनी उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर ठेवला. पेडल खाली गेलंच नाही.

“आणि हे?” म्हणाले.

त्या पेडलच्या पिनेवर गेल्या रविवारपासून डिझेल सोडतोय. टोप आईने परत माळ्यावर टाकलाय, आणि शिडी दुसऱ्या खोलीत ठेवलीय.