कुत्री थबकली की…

फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा रानपक्षी. त्याच्या शिकारीत दिवसभर तंगडतोड करायची आणि खरं काम दोन-तीन सेकंदांत उरकायचं. अमेरिकेतल्या साऊथ डकोटा राज्यात हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो, 31 जानेवारीला संपतो. सकाळी दहाच्या आधी बार टाकायचा नाही, दिवसाला माणशी तीनच पक्षी, आणि तेही फक्त नर. कमरेइतकं गवत, मधेच पाणकणसाची दलदल. तास-दोन तास काहीच उठलं नाही की लक्ष पेंगायला लागतं, आणि पक्षी नेमका तेव्हाच पायाखालून उडतो.

बंदूक सारखी खांद्याशी ताणून धरणं म्हणजे तयारी नव्हे. तशाने दंड भरून येतात आणि वेळेला बंदूक उचलत नाही. मी नळी आभाळाकडे ठेवून सैल हातांनी चालतो आणि डोळा कुत्रीच्या शेपटीवर ठेवतो. ती जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आहे, म्हणजे लपलेल्या पक्ष्याचा वास लागला की जागीच थबकून तो दाखवणारी शिकारी जात; शेपटी आखूड. नुसती हुंगत फिरते तेव्हा शेपटी सैल डुलते. वास लागला की शेपटीची गती बदलते, पावलं आखूड होतात, डोकं वाऱ्याकडे वळतं. तेवढ्यात माझ्या गप्पा बंद. बंदुकीचा दस्ता काखेजवळ येतो, बोट चापाच्या कडीबाहेर, सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावलेलीच.

मग ती थबकते. एक पाय उचललेला, अंग ताठ, पापणीही हलत नाही. इथे घाई करायची नाही, पण रेंगाळायचंही नाही. मी तिच्या मागून सरळ जात नाही, बाजूने वळसा घेऊन पुढे येतो. त्यामुळे मी तिला दिसतो, नळी तिच्यावर येत नाही आणि पक्षी आमच्या दोघांमध्ये अडकतो. नजर गवतात खुपसायची नाही, तिच्या नाकाच्या पुढे आणि थोडी वर ठेवायची. खाली पाहणाऱ्याचा पहिला सेकंद पक्षी शोधण्यातच जातो.

अडचण अशी, की नर फेझंट दबून बसण्यापेक्षा पळणं पसंत करतो. मूळचा चीनकडचा हा पक्षी 1943 पासून साऊथ डकोटाचा राज्यपक्षी आहे, आणि पायांनी चकवण्यात त्याचा हात धरणारा विरळाच. कुत्री थबकते, सरपटत पुढे जाते, पुन्हा थबकते. प्रत्येक वेळी मीही नव्याने पाय रोवतो, डावा पुढे. पळणारे पक्षी बहुधा गवत संपतं त्या कडेला गोळा होतात, म्हणून शेवटची पन्नासेक पावलं मी सगळ्यात सावकाश टाकतो. माणूस थांबला की पक्षी बावरून उडतो, त्यामुळे मी पाणी प्यायला गवतात थांबत नाही, उघड्या जमिनीवर येतो.

पंखांचा फडफडाट आणि नराचं ते कर्कश कॅक-कॅक ऐकून आजही छाती धडधडते. तरी आधी पाहायचं: मानेवर पांढरा पट्टा, लांब शेपूट. मादी तपकिरी आणि बहुतेक वेळा मुकी. सूर्य समोर असेल आणि नुसती काळी आकृती दिसत असेल तर मी बार टाकत नाही. पक्ष्याच्या खाली आभाळ दिसलं पाहिजे, कारण कुत्रं झेपावतं. दस्ता खांद्याला लागता लागताच सेफ्टी सरकते, त्याआधी कधीच नाही.

पक्षी पडला की नजर त्या जागेवरून हलवायची नाही. गवताचं एखादं वेगळं दिसणारं ताट हेरून ठेवायचं. जखमी नर धावत सुटतो आणि मग सगळी भिस्त कुत्रीच्या नाकावर. शिवाय बार ऐकून दुसरा उठू शकतो, त्यामुळे काडतूस भरतानाही मान वर.

शेत पालटताना आधी तिला पाणी, मग तिच्या पायांच्या बोटांमध्ये, कानांत आणि डोळ्यांच्या कडेला कुसळं तपासतो. रुतलेलं कुसळ आत सरकत जातं आणि पू होतो. हे तपासल्याशिवाय मी पुढच्या शेतात पाऊल ठेवत नाही.