वळ

परवा एका कार्यक्रमाला मी शेपवेअर, म्हणजे अंग आवळून बारीक दाखवणारा आतला कपडा, घातलं होतं. बरगड्यांच्या खालपासून थेट मांडीच्या मध्यापर्यंत येणारं, ते घालायला बेडवर आडवं पडून श्वास रोखून खेचावं लागतं तसलं. सकाळी नऊला चढवलं ते रात्री साडेसातला उतरवलं, मध्ये दोनदा बाथरूमला जावंसं वाटलं पण परत ते सगळं सोलून काढायचं आणि परत चढवायचं या विचारानेच मी पाणी पिणं बंद केलं. फोटो छान आले, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन काढलं तेव्हा कमरेभोवती लालभडक वळ, शिवणीचा एकेक टाका मोजता येईल इतका स्पष्ट. ते नेहमीचंच म्हणून दुर्लक्ष केलं. पण झोपताना कळलं की उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर झालीये, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो अगदी तश्शी, तळहाताएवढा भाग, चिमटा काढला तरी लांबून कुणीतरी काढतंय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिथेच आग आग व्हायला लागली, चादर घासली तरी नको व्हायचं. मी अर्थातच नेटवर शोधून मणक्यापासून पॅरालिसिसपर्यंत सगळं स्वतःला लावून घेतलं.

डॉक्टरांनी पाय उचलायला लावला, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, मग कंबरेच्या हाडाचं पुढे जे टोक लागतं ना त्याच्या जरा आतल्या बाजूला बोटाने दाबलं आणि मी ओरडले. "काल परवा काय घट्ट घातलं होतंत का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आजाराचं नाव मेराल्जिया पॅरेस्थेटिका, नाव मोठं पण प्रकार साधा आहे, मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना देणारी एक नस कमरेतून खाली येताना जांघेतल्या एका पट्ट्याखालून अगदी चिंचोळ्या जागेतून जाते आणि तिथेच ती दाबली जाते. घट्ट बेल्ट, स्किनी जीन्स, अवजारं लटकवलेला कमरपट्टा, गरोदरपण, वाढलेलं पोट, काहीही कारण पुरतं. ही नस फक्त संवेदनेची आहे, स्नायू हलवायचं काम तिच्याकडे नाही, म्हणून पाय लुळा पडत नाही आणि दाब काढला की बहुतेकांचं आपोआप बरं होतं. माझं अकरा दिवसांनी गेलं.

तर त्या अकरा दिवसांत मी या विषयावर एवढं वाचलं की आता लिहिल्याशिवाय गप्प बसवणार नाही. आणि वाचता वाचता एक गंमत लक्षात आली, ज्या गोष्टींची आपल्याला भीती घातली जाते त्या बऱ्याचशा खोट्या निघतात आणि ज्या खरंच होतात त्यांच्याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही कारण त्या फार बोअरिंग आहेत.

आधी तो कॅन्सरवाला फॉरवर्ड. ब्रा घातल्याने लसीका की काय ते तुंबतं, शरीरातली घाण बाहेर पडत नाही, मग कॅन्सर होतो, रात्री ब्रा घालून झोपू नका, काळी घालू नका, वायरवाली घालू नका. याची सुरुवात मुख्यतः १९९५ साली आलेल्या एका पुस्तकापासून झाली, त्यात बायकांना विचारून आकडे काढले होते पण वय, वजन, मुलं कधी झाली, घरात कुणाला होता का, हे ज्याने खरोखर फरक पडतो ते हिशोबातच धरलं नव्हतं. मग २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन सेंटरने नीट अभ्यास केला. ५५ ते ७४ वयाच्या बायका, त्यात १,०४४ जणींना स्तनाचा कॅन्सर झालेला आणि ४६९ जणींना नाही, आणि प्रत्येकीला विचारलं की कितव्या वर्षी ब्रा घालायला लागलात, दिवसाला किती तास, कपचा साइज काय, वायर होती का. कशाचाच संबंध निघाला नाही. वायरचाही नाही. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी पाठवला तर खुशाल डिलीट करा. पण गाठ लागली तर ब्रा बदलत बसू नका, डॉक्टरकडे जा, एवढं मात्र ऐका.

आता ओघळण्याचं. हे दोन्ही बाजूंनी ऐकू येतं, ब्रा नाही घातली तर ओघळतील आणि ब्रा घातली तर ओघळतील. फ्रान्समधल्या बेझाँसोंचे एक प्रोफेसर, ज्याँ-दनी रुइयों, त्यांनी २०१३ मध्ये सांगितलं की ब्रा न घालणाऱ्या तरुण मुलींमध्ये उलट थोडी उचल दिसली, आणि जगभर बातम्या झाल्या की ब्रा फेकून द्या. पण तो प्राथमिक निष्कर्ष होता, मुली १८ ते ३५ मधल्या, आणि हे सगळ्या बायकांना लावू नका असं ते स्वतःच म्हणत होते, तेवढं वाक्य बातमीत कुणी मोठ्या अक्षरात छापलं नाही. स्तनात मुळात स्नायू नसतोच, चरबी, ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे बारीक तंतू, ज्यांना १८४० मध्ये त्यांचं वर्णन करणाऱ्या अॅस्टली कूपर या सर्जनचं नाव आहे. वय, गरोदरपणं किती झाली, वजन, आकार मुळातच मोठा असणं आणि सिगारेट, यांच्यामुळे ओघळतात. हो सिगारेट, कारण ती कातडीचा लवचिकपणा खाते. आणि दूध पाजल्याने ओघळतात हे जे सर्रास सांगतात ना, तेही केंटकीच्या एका प्लास्टिक सर्जनने तपासलं तर तसं दिसलं नाही. त्यामुळे झोपताना घालायची का नाही यावर माझं मत, बरं वाटत असेल तर घाला, नसेल वाटत तर काढा, इतका साधा विषय आहे.

पळताना मात्र गोष्ट वेगळी. पळताना स्तन नुसते वर-खाली होत नाहीत, आत-बाहेर आणि पुढे-मागेही जातात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरतात. इंग्लंडच्या पोर्ट्समथ युनिव्हर्सिटीत यावर वर्षानुवर्षं काम चाललंय. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधल्या बायकांना विचारलं तर साधारण तिघींमध्ये एकीला स्तनात दुखण्याचा त्रास होता. आणि पहिली स्पोर्ट्स ब्रा कशी बनली माहितीये का? १९७७ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटला तिघीजणींनी पुरुषांचे खेळताना घालायचे दोन सपोर्टर आणून एकत्र शिवले. मला हे वाचून इतकं हसू आलं की नवऱ्याला उठवून सांगितलं.

बरं आता माझ्या मते खरा मुद्दा, साइज. "८० टक्के बायका चुकीची ब्रा घालतात" हे वाक्य तुम्ही हजारदा वाचलं असेल. त्याला आधार म्हणून दाखवतात त्यातला एक अभ्यास मी शोधून वाचला, २००८ चा, त्यात एकूण मुली किती? तीस! तीसपैकी चोवीस जणी. त्यामुळे त्या टक्क्यांवर मी फार जीव टाकणार नाही, पण त्यात एक गोष्ट मला पटली कारण ती माझीच होती, चुकणाऱ्यांपैकी बहुतेक जणी लहान साइज घालत होत्या. मी वर्षानुवर्षं ३६ बी घालत होते आणि खांद्यावर पट्ट्यांचे दोन खड्डे होते, कायमचे, आंघोळ करून आलं तरी न जाणारे. मला वाटायचं पट्टे घट्ट म्हणून वळ पडतात, म्हणून सैल करायचे, मग सगळंच खाली यायचं, मग परत घट्ट. खरं तर वजन पेलायचं काम मुख्यतः खालच्या पट्टीचं आहे, बँडचं, खांद्याचे पट्टे नुसते जागेवर धरायला असतात. बँड पाठीवरून वर चढत असेल तर तो मोठाय. कप लहान पडत असेल तर कडेने फुगवटा येतो आणि वायर काखेजवळ स्तनावरच बसते, बरगडीवर नाही.

आणि हे कप अक्षरांचं गणित मला कुणी सांगितलंच नव्हतं की ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी यांचा कप साधारण तेवढाच भरतो, फक्त पट्टी बदलते. डी म्हणजे काहीतरी भलंमोठं असं डोक्यात असल्यामुळे मी कधी त्या खणाकडे बघितलंही नाही. शेवटी ३४ डी निघाला. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बरोबर बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक धुऊन धुऊन सैलावतं तसं आतल्या हुकांवर यायचं असतं. मी पहिल्याच दिवशी सगळ्यात आतल्या हुकावर आवळून घालायचे आणि दोन महिन्यांनी म्हणायचे ब्रा खराब निघाली!

घट्ट ब्राने आणखी काय काय होतं ते भराभर सांगते. स्तनाखालच्या घडीत घाम साचून लाल, ओलसर, खाज येणारा पट्टा उठतो, त्यात बऱ्याचदा बुरशी असते, नुसती पावडर थापून जात नाही. हुकाच्या जागी चट्टा येत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते. दूध पाजणाऱ्या बाईने घट्ट ब्रा किंवा रुतणारी वायर टाळावी, एका जागी सतत दाब आला की तिथलं दूध अडून गाठ धरू शकते. आणि एक विचित्र प्रकार, छातीच्या कातडीखाली दोरीसारखी ताठ, दुखरी शीर लागते, हात वर केला की खेचते. माझ्या मैत्रिणीला झालं होतं, रडकुंडीला आली होती बिचारी. त्याला माँडॉरचा आजार म्हणतात, वरवरच्या शिरेत रक्त गोठतं, घट्ट ब्रा हे त्याच्या कारणांपैकी एक, बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप जातं पण एकदा दाखवून घ्यावं.

शेपवेअरवर परत येते. मांडीचं जळजळणं तर झालंच पण त्या दिवशी मला आंबट ढेकरही येत होते आणि मी जेवणाला दोष दिला. ग्लासगोच्या डॉक्टरांनी कुठलाही त्रास नसलेल्या लोकांच्या कमरेला नुसता पट्टा आवळून बघितलं तर जेवणानंतर पोटातलं ॲसिड अन्ननलिकेत वर चढताना दिसलं. म्हणजे मी तर पट्टा काय, पट्ट्याची आख्खी पँट घातली होती. दीर्घ श्वास येत नाही कारण पोट पुढे यायला जागाच नाही. लघवी दाबून धरायची, पाणी प्यायचं नाही, वर सिंथेटिक कापडात घाम, मग लघवीला जळजळ झाली की आपण म्हणायचं इन्फेक्शन कसं काय झालं बाई. आणि वेस्ट ट्रेनरने, म्हणजे कंबर आवळायच्या पट्ट्याने, चरबी वितळते असं म्हणतात ते घाम आहे, पाणी प्यायलात की परत.

अगदी टोकाचंही एक उदाहरण आहे, ऑस्ट्रेलियात ॲडिलेडमधली ३५ वर्षांची बाई, नातेवाइकाचं घर हलवायला गेलेली, स्किनी जीन्स घालून तासन् तास उकिडवं बसून कपाटं रिकामी केली, संध्याकाळी चालताना पाय बधिर होऊन पडली. पोटऱ्या इतक्या सुजल्या की जीन्स कापून काढावी लागली. २०१५ मध्ये डॉक्टरांनी हे छापलं. चार दिवसांनी ती चालायला लागली. असं क्वचितच होतं, घाबरवत नाहीये.

आता गंमत बघा. हाच दाब औषध म्हणूनही देतात. माझ्या आईला पायाच्या शिरा फुगण्याचा त्रास आहे, तिला डॉक्टरांनी स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय आवळून धरणारे लांब मोजे, दिले. त्या खोक्यावर आकडा असतो, २०–३०, बीपी मोजतात त्याच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. दाब घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर जाऊ तसा कमी, म्हणजे रक्त वर ढकललं जावं. आधी घोटा, पोटरी, उंची मोजतात, तेही सकाळी, पाय सुजायच्या आत. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाला हे असंच देत नाहीत, आधी पायाची नाडी बघतात, नाहीतर उलट रक्तपुरवठाच तुटतो. माझ्या शेपवेअरच्या पाकिटावर काय होतं? "एक्स्ट्रा फर्म". फर्म म्हणजे किती? कुठे जास्त, कुठे कमी? कोणी घालू नये? एक शब्द नाही.

आणि औषधाचंही सरसकट नाही बरं का. पाच तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासात मोज्यांचा उपयोग होतो, नऊ चाचण्या एकत्र केल्या तर २,६३७ प्रवाशांमध्ये ५० जणांच्या पायात काही न जाणवता गुठळी झालेली सापडली, त्यातले मोजे घातलेले फक्त ३. पण स्ट्रोक होऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना मांडीपर्यंतचे मोजे घालून बघितले, २००९ चा मोठा अभ्यास, तर गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत, कातडीला मात्र इजा वाढल्या, १ टक्क्याच्या जागी ५ टक्के.

तर आई. माझं हे मांडीप्रकरण चालू असताना तिच्याकडे गेले होते, ती म्हणाली मोजे घालून पाय जास्तच सुजतो गं, नको ते. मी म्हटलं दाखव. गुडघ्याखाली लांब पडतात म्हणून तिने वरची कड दोनदा दुमडली होती, दुमडली म्हणजे तिथे दाब दुप्पट तिप्पट, घोट्याला कमी आणि वर करकचून दोरी बांधल्यासारखं, नेमकं उलट. काढल्यावर पोटरीभोवती बोट बसेल एवढी खोल खाच, आणि ती कितीतरी वेळ भरली नाही.

"अगं पण मला वाटलं घट्ट आहे म्हणजे चांगलंच असणार," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या टेप घेऊन तिचे पाय मोजले, लांबीत एक साइज आखूड होता तो मागवला. रबरी हातमोजे घालून मोजा चढवला की नीट सरकतो, सुरकुती राहत नाही, हे तिला दुकानदाराने सांगितलं, आता ती ते भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून रोज सकाळी पलंगावर बसते आणि माझे बाबा तिला सर्जन म्हणतात.